तेरावी मात्रा

लोक गाण्याला जातात ते चार घटका जिवाचा घोर विसरायला. घारपुरे नवराबायको मात्र घोर बरोबर घेऊनच जायचे, आणि त्यांच्या जोडीला मी. रघुवीरराव घारपुरे पुढे पुरुषांत बसायचे, अंबिकाबाई आणि मी मागे डाव्या हाताला बायकांत. अंबिकाबाईंच्या कमरेला एक रुमाल खोचलेला असायचा. त्यात कापसात गुंडाळलेली, बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, यांच्या छातीत कळ आली की ही रुमालात फोडा आणि नाकाशी धरा, उशीर करू नका. त्यामुळे बैठकीत शिरल्याबरोबर तंबोरे कुठे लागलेत हे मी कधी पाहिलं नाही. मी पाहायची ते एवढंच, की आमच्या जागेपासून रघुवीररावांपर्यंत पावलं किती. लक्ष्मीकांत वकिलांच्या दिवाणखान्यात बावीस पावलं होती, आणि मधे किमान चाळीस माणसं मांडी ठोकून बसलेली.

मी त्यांची नात्याची कोणी नव्हे. सन पन्नासला मला इंदुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली आणि स्नेहलतागंजात त्यांच्या बिऱ्हाडाच्या वरची खोली मिळाली. वय बत्तीस, लग्न नाही, तोंडाने फटकळ. घरमालकाने तीनदा विचारलं, एकट्याच राहणार का. चौथ्यांदा अंबिकाबाईच जिन्याशी येऊन म्हणाल्या, "एकट्या कशा हो? खाली आम्ही आहोत ना. फिकर नका करू." त्या दिवसापासून मी त्यांची कमलताई झाले. रघुवीरराव मला मास्तरीणबाई म्हणायचे, आणि तेही अशा आवाजात की गल्लीला कळावं.

रघुवीरराव आधी होळकर दरबारच्या कचेरीत कारकून होते. दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं, आणि त्याच्याबरोबर एक अजब सरकार आलं. थंडीत ते ग्वाल्हेरला राहायचं आणि उन्हाळ्यात इंदूरला. दप्तरांच्या पेट्या, शिक्के, कारकून सगळं वर्षातून दोनदा आगगाडीत भरायचं आणि उतरवायचं. "भिया, हे सरकार नाही," रघुवीरराव इंदुरी थाटात म्हणायचे, "ही नाटक कंपनी आहे. फक्त पडदा फाटका आणि नट सगळे मिशावाले."

हसायला बरं होतं. पण सन बावन्नच्या जानेवारीत ग्वाल्हेरच्या त्या कडाक्याच्या थंडीत, परक्या खोलीत, एकटे असताना त्यांच्या छातीत पहिली कळ आली. तार इंदूरला आली तेव्हा मी शाळेत होते. परतले तर अंबिकाबाई ट्रंक भरून दारात उभ्या. मी म्हटलं, मी येते बरोबर. तर म्हणाल्या, "नको. शाळा बुडवू नका." आणि गेल्या एकट्या. स्वतः क्षयातून उठून त्यांना दोन वर्षंसुद्धा पुरती झाली नव्हती. क्षयाला नवीन इंजेक्शनं निघाली होती ती मुंबईहून मागवून तीन महिने टोचली, म्हणून बाई जगल्या. छाती सुधारली. पण तेव्हापासून कानात शिट्ट्या वाजतात असं म्हणायच्या, आणि अंधारात चालताना भिंत धरायच्या. ते जाईल हळूहळू, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

रघुवीरराव बचावले. त्यांना इंदुरातच रेकॉर्डात, म्हणजे कचेरीच्या जुन्या दप्तरांत, बसवलं. डॉक्टरांनी जिना, तूप, राग, धावपळ सगळं बंद केलं. मग रघुवीररावांनी विचारलं, "आणि गाणं?"

"गाणं चालेल," डॉक्टर म्हणाले, "पण फार रंगू नका."

घरी येईपर्यंत रघुवीरराव याच एका वाक्यावर खवळले होते. "रंगू नका म्हणजे काय? न रंगता ऐकायचं तर मग रेकॉर्डात बसलेलं काय वाईट?" अंबिकाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, रंगा, पण मुकाट्याने रंगा. वाहवा करायची नाही, ओरडायचं नाही. हाताने ताल धरा हवा तर.

म्हणून तो हात. माणसाने ताल धरावा, पण इतका? तीनताल असला की समेला मांडीवर अशी थाप की शेजारच्याने दचकावं. पाचवीला टाळी. नववी मात्रा खालीची, तेव्हा पालथा तळवा सुलटा होऊन हवेत वर, जणू कोणी काही मागतंय. मग तेरावीला पुन्हा टाळी. मधल्या मात्रा अंगठ्याने बोटांच्या पेरांवर, त्याही हात छातीपर्यंत उचलून, मागच्या भिंतीपर्यंत दिसतील अशा. पहिल्या वर्षी असं नव्हतं. मग हळूहळू हात मोठा होत गेला. लक्ष्मीकांत वकील एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "रघुवीरराव, तबलजीला आज सुट्टी देऊ का?" लोक हसले. मलाही वाटलं, म्हातारपणी मिरवायची हौस आलीय. सूर मला आजही कळत नाहीत, पण मोजता येतं. तो हात बघून मीही मनातल्या मनात सोळापर्यंत मोजायला लागले आणि त्याच्या दिखाऊपणावर चरफडायला लागले.

दर दोन-तीन महिन्यांनी ते दोघं हवापालटाला निघायचे. फार लांब नाही. पाताळपाणी, नाहीतर महूला दोन दिवस. जाणारी माणसं कुठे काय बघायचं ते विचारतात. अंबिकाबाई उतरल्या उतरल्या विचारायच्या, "इथून डॉक्टर किती लांब?" महूला छावणीमुळे डॉक्टर पुष्कळ, तर महूला त्यांचा चेहरा जरा सैल असायचा. पाताळपाण्याला धबधब्याकडे पाठ करून त्या परतीच्या गाडीची वेळ विचारत बसल्या होत्या. हौस म्हणावी तर ही असली. मी एकदा रागाने म्हटलं, एवढी भीती आहे तर घरी का बसत नाही तुम्ही दोघं? तेव्हा अंबिकाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "घरी भीती जास्त असते हो. घरी ती चारी भिंतींना चिकटते."

त्रेपन्नच्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं मानपूरला गेलो. आग्रा-मुंबई सडकेवरचं गाव, इंदूरपासून सव्वीस-सत्तावीस मैल. डाक बंगल्याची सोय कचेरीतल्या कोणी करून दिली होती. डॉक्टर महूला, म्हणजे बारा मैल. अंबिकाबाईंनी हे ऐकलं आणि पहिल्या दिवशी धड जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सडकेवरच्या चहाच्या हॉटेलापुढे एक भजनी मंडळी बसली होती. एक तंबुरा, एक ढोलक, करताल, आणि माळवी निर्गुणी भजनं. रघुवीररावांचं भान गेलं. ते खाटेवर बसले आणि त्यांचा हात सुरू झाला. अंबिकाबाई आणि मी सडकेच्या कडेला उभ्या होतो. मला धूळ सोसवेना म्हणून मी पलीकडे झाले. एक मालट्रक उलटा, मागे मागे येत होता. क्लीनर ओरडत होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, हॉटेलवाला ओरडला, "ओ बाईजी! हटो!" अंबिकाबाई हलल्या नाहीत. त्या समोर रघुवीररावांच्या हाताकडे बघत होत्या आणि मान डोलवत होत्या, अगदी तालात. ट्रकचं मागलं फळकुट त्यांच्या खांद्यापासून हातभर राहिलं तेव्हा मी धावले आणि दंडाला धरून ओढलं. दोघी धुळीत पडलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ट्रककडे. तेव्हा त्यांना कळलं. आणि तेव्हाच मलाही कळलं.

"किती दिवस?" मी विचारलं. त्यांनी ओठांवरून वाचलं.

"वर्ष झालं. आधी बारीक आवाज गेले. मग सगळंच. आता नुसता एक गुंगाट असतो." त्या इतक्या सहज सांगत होत्या, जणू दुधाचा रतीब बंद केल्याचं सांगतायत. "त्यांना सांगायचं नाही, कमलताई."

"अहो, पण वर्षभर तुम्ही बैठकीला येता! त्यांच्याशी बोलता!"

"चोवीस वर्षांच्या संसारानंतर नवरा काय बोलणार हे कळायला कान कशाला लागतात?" त्या हसल्या. मग ते हसू गेलं. "त्यांना कळलं की मला ऐकू येत नाही, तर ते गाणं सोडतील. मला घरी ठेवून एकटे जायचे नाहीत, आणि मला नेऊन बहिरी बसवून ठेवायचे नाहीत. ओळखते मी त्यांना. आणि गाणं सोडलं तर सहा महिने जगायचे नाहीत. डॉक्टर काहीही म्हणोत. मला त्यांच्या हातावरून सगळं कळतं. हात चाललाय तोवर गाणं चाललंय."

मी खाटेकडे पाहिलं. रघुवीरराव डोळे मिटून बसले होते, हात चालू. त्यांनी काही पाहिलं नसावं असं वाटून मला हायसं झालं. मी शब्द दिला.

तो शब्द देऊन मी माझी झोप घालवली. विचार करा. पुरुषाला केव्हाही कळ येणार, आणि त्याने हाक मारली तर बायकोला ऐकू जाणार नाही. आधी मी वरच्या खोलीत वह्या तपासत असले की खालची भांडी, खोकला, दाराची पितळी कडी हे आवाज नुसते कानावर पडायचे. आता ते मी मोजायला लागले. जरा वेळ काही ऐकू आलं नाही की पेन टाकून जिना उतरायची. रघुवीरराव वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणायचे, "काय मास्तरीणबाई, आज पुन्हा साखर संपली?" त्या महिन्यात मी सतरा वेळा साखर मागितली. मी चहाला साखर घेत नाही.

आणि अंबिकाबाई? त्या नवऱ्यावरची नजर काढायच्या नाहीत. भाजी चिरताना पाट असा फिरवून बसायच्या की खोलीतला त्यांचा पलंग समोर यावा. रघुवीरराव दुपारी झोपले की अंगावरची चादर वर-खाली होतेय ना, ते बघत बसायच्या. मला त्यांचा राग यायचा, कीव यायची, आणि सर्वांत जास्त भीती वाटायची. दोन आजारी माणसं एकमेकांच्या आधाराने उभी होती आणि खालचा दगड कुठे हलतोय हे फक्त मला माहीत होतं.

मार्गशीर्षात लक्ष्मीकांत वकिलांनी रविवारी सकाळची बैठक ठेवली. उज्जैनकडचे एक वयस्कर बुवा यायचे होते. थंडी मोप पडली होती. सकाळी निघतानाच रघुवीरराव मला जरा पांढरे वाटले. मी विचारलं, बरं आहे ना? "बिल्कुल," म्हणाले. "फक्त त्या बुवांनी लवकर सुरू करावं. सकाळचा राग दुपारी गायला की मला शिळे पोहे खाल्ल्यासारखं वाटतं." टांग्यात अंबिकाबाईंनी दोनदा रुमाल चाचपला.

दिवाणखाना खचाखच भरला होता. त्या दिवशी मी पावलं मोजली तर अठ्ठावीस भरली, कारण आम्हांला आणखी मागे दाराशी जागा मिळाली. बुवांनी विलंबित तीनताल लावला. विलंबित म्हणजे इतका संथ, की एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत माणूस अर्धी सुपारी कातरून खाईल. रघुवीररावांचा हात वर आला. सम. पाचवी. खाली. तेरावी. पुन्हा सम. तो हात रोजच्यासारखाच मोठा होता, पण मला तो जड वाटला. पाण्याची भरलेली बादली उचलावी तसा तो प्रत्येक मात्रेला वर येत होता. मी अंबिकाबाईंकडे पाहिलं. त्या टक लावून बघत होत्या आणि त्यांचं बोट पदरावर चालत होतं.

अर्धा तास असा गेला असेल. बुवा रंगात आले होते. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मीही रंगले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला सुरात काहीतरी कळतंय असं वाटत होतं. बुवांनी एक जागा घेतली, अशी की सगळ्या दिवाणखान्यातून एक उसासा निघाला. त्याच वेळी रघुवीररावांचा तळवा नवव्या मात्रेला वर उघडला. दहा, अकरा, बारा. मग तो हात टाळीला खाली आला नाही. तो सावकाश छातीवर गेला आणि तिथेच राहिला. मान खाली झुकली. डोळ्यांतून पाणी आलं.

गाण्याला जाणाऱ्यांनी हे दृश्य शंभरदा पाहिलेलं असतं. खरा दर्दी असाच दाद देतो. हात काळजावर, मान खाली, डोळ्यांत पाणी. शेजारच्या एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि ओठांवर बोट ठेवलं, यांना आता हलवू नका. लक्ष्मीकांत वकिलांनी माझ्या डोळ्यांदेखत हात जोडून आढ्याकडे पाहिलं. आणि बुवांनी, त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना, रघुवीररावांकडे बघून हात कपाळाशी नेत सलाम केला, आणि खास त्यांच्यासाठी तीच जागा पुन्हा घेतली. साऱ्या दिवाणखान्याने वाहवा केली. मीही केली. कान शाबूत असलेली आम्ही दीडशे माणसं समेची वाट बघत डोलत होतो आणि आमच्या मधोमध तो माणूस मरत होता.

माझ्या शेजारून अंबिकाबाई उठल्या.

"तेरावी आली नाही," त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते त्या केवढ्यांदा म्हणाल्या! बुवांचा सूर तुटला. बायका "अगं बाई, बसा बसा" करत पदर ओढायला लागल्या. त्यांनी ऐकलं नाही, ऐकणार कुठून. त्या पुरुषांतून सरळ निघाल्या. त्या इंजेक्शनांनी त्यांचा तोल गेलेला, धड सपाट जमिनीवर चालता येत नव्हतं, आणि त्या लोकांच्या खांद्यांना, डोक्यांना, एका पगडीला हात टेकत गेल्या. कोणाचं पानाचं तबक उलटलं. एक जण ओरडला, "ये क्या तमाशा है!" मी त्यांच्यामागून धावले.

त्यांनी गुडघे टेकले, रुमाल काढला, नळी फोडली. काच फुटल्याचा बारीक आवाज मात्र त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला, त्यांच्याशिवाय. नासक्या फळासारखा वास सुटला. त्यांनी एका हाताने रघुवीररावांची मान वर धरली आणि रुमाल नाकाशी दाबला. रघुवीररावांचे ओठ निळे पडले होते. मी आकडे मोजायला लागले. का, ते माहीत नाही. साठापर्यंत मोजले. पुन्हा एकपासून सुरू केलं. शंभराच्या पुढे कुठेतरी त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी डोळे उघडले.

डॉक्टर आले. वकिलांच्याच आतल्या खोलीत रघुवीररावांना निजवलं. डॉक्टर त्यांच्या छातीवर वाकून, पाठमोरेच, म्हणाले, "बाई, दुखायला केव्हापासून लागलं?" अंबिकाबाई गप्प. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, जरा चिडून. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून रघुवीरराव पुटपुटले, "डॉक्टर, तिच्याकडे तोंड करून बोला. तिला ऐकू येत नाही."

मी खाली बसले.

"तुम्हांला माहीत होतं?" मी विचारलं.

"मानपूरला त्या ट्रकच्या आधीपासून." त्यांना धाप लागत होती, पण बोलायचं होतं. "एकदा मागून हाक मारली होती, ती वळली नाही. मग बैठकीत बघितलं, तर ही माझ्या हाताकडे बघते. म्हटलं, ठीक आहे, हात जरा मोठा करू. मागपर्यंत दिसला पाहिजे ना." मग ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मास्तरीणबाई, साखर पुष्कळ झाली. आता घेऊ नका."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, केव्हापासून दुखतंय. तेव्हा रघुवीररावांनीच सांगितलं. सकाळी टांग्यातून उतरल्यापासून. अर्धा-पाऊण तास कळ सोसत तो माणूस हात उचलत बसला होता. हात थांबला तर तिचं गाणं थांबेल म्हणून.

नवऱ्याच्या तोंडाकडे बघत अंबिकाबाईंनी हे सगळं वाचलं. आणि त्या बाईला मी चार वर्षांत पहिल्यांदा ओरडताना पाहिलं. "मला गाणं नको होतं!" त्या किंचाळल्या. "मी गाणं बघत नव्हते! मी तुम्ही जिवंत आहात ना ते बघत होते! एवढं कळलं नाही तुम्हांला?" मग नवऱ्याच्या उशाशी डोकं टेकून रडल्या. बाहेर दिवाणखान्यात दीडशे माणसं बसली होती. बुवांनी तंबोरे उतरवले होते, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

एवढं झाल्यावर कोणी शहाणी माणसं घरी बसली असती. हे दोघं तीन महिन्यांनी पुन्हा निघाले. मी जिन्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, आता मात्र हद्द झाली, मी येणार नाही, तुम्हांला मरायचं असेल तर माझ्यादेखत नको. अंबिकाबाई म्हणाल्या, "आता एकत्र बसणार आहोत."

आणि बसले. पुरुषांच्या आणि बायकांच्या मधे जी चिंचोळी वाट ठेवतात, तिच्या कडेला, अगदी शेजारी. रघुवीररावांनी अंबिकाबाईंचा तळहात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटाने त्यावर ताल धरला. सम दाबून, खाली नुसती टेकवून. आणि अंबिकाबाईंनी दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली, नाडीवर. लोक बघत होते. पन्नाशीला आलेलं जोडपं भर बैठकीत हातात हात घालून बसलंय! सुमन नावाच्या एक बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "जरा तरी लाज?" मी म्हटलं, "तुमच्या नवऱ्याच्या मनगटाला शेवटचा हात कधी लावला होता, ताप आला तेव्हा की तोही नाही?" त्या पुन्हा माझ्याशेजारी बसल्या नाहीत. मला जागा प्रशस्त झाली.

तशी दोन वर्षं आणि काही महिने निघाले. महू, पाताळपाणी, पुन्हा एकदा मानपूर. वकिलांकडच्या बैठका चुकल्या नाहीत. भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. मी दर वेळी पावलं मोजायची, आणि आता ती शून्य असायची, तरी मोजायची. एक मात्र झालं. अंबिकाबाई बैठकीत डोळे मिटायला लागल्या.

छप्पनच्या ऑक्टोबरात रघुवीरराव गेले. बैठकीत नाही, प्रवासात नाही. दुपारी जेवून आडवे झाले होते. अंबिकाबाई दोन ताटं विसळायला मोरीवर गेल्या. मी शाळेत होते. मोरीवरून परत येऊन बघतात तर चादर हलत नव्हती. दोन ताटांचा वेळ. एवढा एकच वेळ त्या माणसावर कोणाची नजर नव्हती आणि कोणाचं बोट नव्हतं. त्यांनी हाक मारली असेल का, हे अंबिकाबाईंनी मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, नाही, झोपेत गेले. मला काय माहीत? पण मी तोंड त्यांच्याकडे करून, प्रत्येक अक्षर नीट उमटवून सांगितलं.

पंधरा-सोळा दिवसांनी मध्यभारतही संपलं. कचेऱ्या भोपाळला निघाल्या, आणि रघुवीरराव घारपुरे यांनी भोपाळला हजर व्हावं असा हुकूम आला. तो मीच परत पाठवला. शेरा काय लिहिला ते सांगत नाही. तो सरकारी कागदावर लिहिण्यासारखा नव्हता.

माघात वकिलांकडे पुन्हा बैठक होती. मी एकटीच निघाले होते. खाली दाराशी अंबिकाबाई शाल घेऊन उभ्या. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, "तुम्हांला मोजता येतं ना?"

त्या कडेच्या जागी आम्ही दोघी बसलो. मी त्यांचा तळहात माझ्या मांडीवर घेतला. सहा-सात वर्षं पोरींकडून पाढे घोकवून घेतलेली बाई मी, आणि पहिलीतल्या पोरीसारखी ओठांनी मोजायला लागले. सम दाबली, पाचवी, नववी नुसती टेकवली. तेरावीला चुकले, पुन्हा धरली. त्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने माझ्या मनगटावर काहीतरी गार लागलं. त्यांची दोन बोटं होती.

त्यांनी डोळे उघडेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "मला काही झालेलं नाही, अंबिकाबाई. मी धडधाकट आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. पुढचे चार जण वळून बघण्याएवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "पण राहू द्या. तुम्ही मोजा."